रकाना क्रमांक सात

हिद्दच्या प्लँटवर माझ्या नावाचे अकरा बिल्ले आहेत, पितळेचे.
पाना घ्यायचा तर खिळ्याला बिल्ला अडकवायचा,
पाना परत केला की बिल्ला खिशात.
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या त्या अवाढव्य कारखान्यात
एकदा दहा नंबरचा पाना सापडेना,
तर बावीस माणसं रात्रभर गेटाशी अडकून पडली.
निघाला तो फोरमनच्याच डब्याच्या पिशवीत.
तेव्हा जबाबदारी म्हणजे काय,
हे मला कुणी शिकवायला नको.

शाळेचा फॉर्म निळा आहे. चार पानी.
विद्यार्थिनी : जुवेरिया होडेकर, पाचवी ड.
वस्तू : श्रवणयंत्राला जोडायचा रिसीव्हर, डावा, एक नग.
किंमत : दोनशे चाळीस दिनार.
आकार चिंचोक्याएवढा, पण आकाराला रकाना नाही.
रकाना सात : कसा हरवला?
निष्काळजीपणा, चोरी, नैसर्गिक झीज.
योग्य तिथे खूण करा.

हनान मॅडम भल्या बाई. चहा मागवला.
म्हणाल्या, सप्टेंबरातली ही सही तुमचीच ना?
माझीच. घाईत 'ह'ची शेपटी
मी नेहमी लांब ओढतो.

तीन रात्री शोधलं.
वॉशिंग मशीनची जाळी, सोफ्याच्या फटी.
बसवाल्या गुलजमीनने बिचाऱ्याने सगळ्या सीटा उपसल्या.
रुखसानाने तर तांदळाचा डबा परातीत पालथा केला,
तिथे कसा जाईल, असं मी विचारलं नाही.

चौथ्या रात्री जुवेरिया उठली आणि तिने दिवा लावला.
अंधारात ओठ दिसत नाहीत,
म्हणून आमच्या घरात खरं बोलायचं तर
आधी बटण दाबावं लागतं.

'शीजा मॅडम गळ्यातला माइक बंद करायला विसरतात.
तास संपतो, मॅडम जातात,
पण माझ्या कानातून जात नाहीत.
बांगड्या ऐकू येतात. जिना. नळ.
त्या दिवशी स्टाफरूम ऐकू आली.
कपात चमचा फिरला, मग मॅडम म्हणाल्या,
त्या एका मुलीपायी अख्खा वर्ग रखडतो माझा.
पप्पा, इतकं स्वच्छ
मला आधी कधीच ऐकू आलं नव्हतं.'

मुहर्रकच्या पुलावर बसची खिडकी उघडी होती.

यावर बापाने काय बोलावं?
मी म्हटलं, झोप.
तिने माझे ओठ वाचले, मग चेहरा वाचला,
मग दिवा घालवला.

आमच्या इनटेकच्या जाळीवर समुद्र काय काय आणून टाकतो.
जेलीफिश, चपला, एकदा कुणाची तरी कवळी.
हल्ली शिफ्ट सुटली की मी तिथे जरा वेळ उभा राहतो.
चिंचोका त्या जाळीतून सहज पार होईल,
हे मला माहीत आहे. जाळी मीच बसवली आहे.

फॉर्मवर शीजा मॅडमचं नाव लिहिता आलं असतं.
पेन टेकवलंही होतं.
त्रिशूरची बाई, वर्गात अडतीस पोरं,
दर दोन वर्षांनी व्हिसाचा तोच घोर जो मला.
तिचाही बिल्ला कुठल्या तरी खिळ्याला लटकतो आहे.
मी निष्काळजीपणावर खूण केली.
कुणाचा, ते फॉर्म विचारत नाही.
चार हप्ते. पहिला पगारातून कापला,
दुसऱ्याला रुखसानाची भिशी.

नवा रिसीव्हर रविवारी मिळाला.
गुरुवारी डायरीत शीजा मॅडमचं अक्षर, लाल शाईत :
'तास संपला की जुवेरिया मला माइक बंद करायची
आठवण करते. न चुकता.
फार जबाबदार मुलगी आहे.'

खाली पालकांच्या सहीची जागा होती.
केली.